म्हशीच्या बदल्यात आलेल्या थाळ्या

गेल्या महिन्यात माझ्या क्लासात एक बाप आला. नंदुरबारच्या कुठल्याशा कार्यालयात साहेब असावा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, शेजारी सातवी-आठवीतली मुलगी. मुलीला ड्रम शिकायचे म्हणून त्याने थेट मुंबईहून सेट मागवलेला, आणि त्यावरच्या झांजा म्हणे बाहेरदेशच्या. मोबाइलमध्ये फोटो दाखवत तो म्हणाला, "सर, एवढ्या महागाच्या झांजा रोजच्या प्रॅक्टिसला वापरायच्या का? मी म्हणतो रोजच्याला साध्या पत्र्याच्या लावू, ह्या कार्यक्रमाला काढू. उगाच खराब व्हायला नकोत." अगदी शहाण्या माणसाचा प्रश्न. आणि खोटं कशाला बोलू, माझा उजवा हात त्या भल्या माणसाच्या कानाखाली वाजवायला वर गेला होता. तो मी कसाबसा स्वतःच्या टकलावरून फिरवला, "बसा, पाणी पिऊन येतो" म्हणालो आणि मागच्या ओट्यावर जाऊन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. साठी उलटली, दोन नातवंडं झाली, तरी हे डोकं अजून असंच भडकतं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. माझा बापही नेमकं हेच म्हणायचा, आणि त्यापायी आमच्या घरात जे रक्त सांडलं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

आमचं घर रनाळ्याचं. घर कसलं, बॅण्डची वखारच ती. ओसरीवर ढोल, खुंट्यांना लटकवलेली पितळी वाजंत्री, कोनाड्यात लाल कोटांचा गठ्ठा, आणि या सगळ्यावर बारा महिने मिरचीची धूळ, कारण गावात पावलोपावली मिरची वाळत पडलेली असायची. आमच्याकडे येणारा पाहुणा आधी शिंकायचा, मग राम राम करायचा. माझे वडील, आबा, बॅण्डचे मालक आणि क्लॅरोनेटचे मास्तर. शहाद्या-तळोद्यापर्यंत त्यांच्या क्लॅरोनेटची ख्याती होती, आणि त्यांच्या हाताचीही. आबा मारायचे. वाजंत्र्यांना मारायचे, मला मारायचे, मायला मारायचे, टेम्पो चालू झाला नाही तर टेम्पोलाही लाथ घालायचे. मारताना त्यांचा चेहरा जराही वाकडा व्हायचा नाही, ताल चुकला की एक, उशीर झाला की दोन. गावात याचं कोणालाच काही वाटत नसे, मलाही फार दिवस वाटलं नाही. भाकरीबरोबर ठेचा असतो तसा आमच्याकडे मार असायचा. आज माझी सून मुलाला नुसतं "ए" म्हणाली तरी घरात चर्चा होते. बरंच आहे म्हणायचं.

मायची एक म्हैस होती. जाफराबादी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मायच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती लेकीला आंदण दिलेली. त्यामुळे घरात माझं म्हणावं असं मायकडे जे काही होतं ते ती म्हैसच. तिच्याशी ती बोलायची, तिच्यावर रागवायची, आणि आबांनी मारलं की गोठ्यात जाऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. सुरतेच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने धंदा बंद केला होता आणि त्याला आता दुभतं जनावर ठेवून निवांत राहायचं होतं. त्याच्याकडे ड्रमसेटच्या दोन तुर्की झांजा होत्या. आम्ही बॅण्डवाले झांजेला थाळीच म्हणतो. साधी थाळी पितळेची असते, ही अस्सल काशाची, हाताने ठोकून घडवलेली. आबांनी ती त्याच्याकडे एकदाच ऐकली आणि त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. एके दिवशी पहाटे म्हैस टेम्पोत चढवून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं काखेत मारून परत आले.

माय दारात उभी. "मन्ही म्हैस कोठे शे?"

आबांनी टॉवेल सोडला. "हाई दख. तुर्कस्ताननं कासं शे."

"हाई दूध दी का?" माय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मन्हा बापनी दियेल म्हैस व्हती ती. हाई दूध दी का, सांगा!" आणि तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं. ती थाळीवर घालणार होती की आबांवर, ते मला आजही कळत नाही. आबांनी तिच्या तोंडावर अशी मारली की ती जात्यावर जाऊन आपटली, मुसळ सुटलं ते थाळीच्या काठाला नुसतं घासून गेलं, आणि थाळी वाजली. तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पितळेची थाळी खडखडते आणि गप्प होते. ही उठली, घरभर पसरली, आढ्याला जाऊन लागली, आणि संपेचना. मायच्या नाकातून रक्त येत होतं, ती खाली बसून हुंदके देत होती, आणि थाळी वाजतच होती. मी धावत जाऊन मायला उठवायला हवं होतं. मी जागचा हललो नाही, कारण मला तो आवाज पुरता ऐकायचा होता. याची लाज मला अजून वाटते. पण ड्रमचा नाद मला तेव्हाच लागला, हेही खरंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून घरात कोरा चहा सुरू झाला. माय थाळ्यांना थाळ्या म्हणायचीच नाही. "तुन्हा बापनी म्हैस झाक, धूळ बसी ऱ्हायनी," असं आबांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने मला म्हणायची. आबांनी मात्र त्या थाळ्यांचं देवासारखं केलं. मऊ लुगड्यात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कमरेच्या करदोट्याला. दसऱ्याला बाहेर काढून हळदीकुंकू, आणि मोठं लग्न असलं तर लोटगाडीवरच्या ड्रमसेटला. बाकी कोणी हात लावायचा नाही. तोवर ड्रम वाजवायचे गुलाब मास्तर. अंगाने वाळलेले, तोंडात कायम सुपारी. त्यांच्या उजव्या हाताला थरथर सुटली आणि आता पुढचा ड्रमवाला मी, असं ठरलं. कोणी मला विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती, मी मनातून उड्याच मारत होतो. सतरावं लागलेलं, अंगात नुसती रग. मला वाटलं, आता त्या थाळ्या माझ्या हाताखाली येणार.

आल्या नाहीत. आबांनी लोहाराकडून ट्रॅक्टरच्या नांगराचा एक तुटका तवा आणला आणि अंगणातल्या निंबाला तारेने करकचून बांधला. "हाई तुन्ही रोजनी थाळी. ती लगननी शे." तो तवा बोटभर जाडीचा, गंजलेला. त्यावर बाभळीच्या काठ्यांनी बडवायचं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आबा पाठीमागे वेत घेऊन उभे. त्यांचा हिशोब एकच होता, की आवाज फाट्यापर्यंत गेला पाहिजे. फाट्यावरच्या चहावाल्याला ते रोज विचारत, पोऱ्याचा आवाज आला का? नाही म्हणाला की माझ्या पाठीवर वळ. "हातमा जीव नही का तुन्हा?" मग मी खांद्यातून हाणायचो. तळहाताला फोड, फोड फुटून घट्टे, घट्ट्यांना चिरा, चिरांमध्ये मिरचीची धूळ. रात्री भाकरी मोडायची म्हटलं तर ब्रह्मांड आठवायचं. शेजारच्या म्हातारीने एकदा वैतागून दगड भिरकावला तो माझ्या कपाळाला लागला, खोक पडली. मी हळद भरली आणि पुन्हा बडवायला लागलो. सहा महिन्यांत माझा हात असा झाला की एका फटक्यात मी बाजेचा पाय मोडायचो. आबा खूश होते. पहिल्यांदा मला पोरगा म्हणून मिरवायला लागले होते, आणि मला ते गुळासारखं गोड लागायचं, हे कबूल केलं पाहिजे.

गुलाब मास्तर तेवढे खूश नव्हते. ते निंबाखाली बसून सुपारी कातरत माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. आबा आसपास नसले की माझं मनगट धरायचे. "थाळीले मारानं नही रे भाऊ. तिले नुसतं हात लावानं आन् बाजूले सरकानं. मंग ती सोता बोलस." पण तवा कुठला बोलतो? तव्याला हात लावला तर तो ढिम्म राहतो. शेवटी एका दुपारी मास्तर आबांना तोंडावर बोलले.

"भाऊ, तू पोऱ्याले लोहार करी ऱ्हायना. त्याले रोज अर्धा तास तरी खरी थाळी दे."

"आन् फुटनी तर?"

"रोज वाजाडीसन नही फुटाव ती. वर्षमातीन एक दिन वाजाडी ना, त्या दिन फुटी."

आबांनी मास्तरांची गचांडी धरली. वीस वर्षं बरोबर वाजवलेला माणूस, बापाच्या वयाचा, त्याला त्यांनी निंबाच्या खोडावर असा आदळला की सुपारी घशात अडकून मास्तर खोकत बसले. "गुलाब, थाळी तुन्ही शे का मन्ही?" खोकला थांबल्यावर मास्तरांनी खाली पडलेला अडकित्ता उचलला आणि घरी गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि परत निंबाखाली बसले.

आणि मग जे झालं ते मायने केलं. म्हैस गेल्यापासून जी त्या ट्रंकेकडे पाठ करून झोपायची, तिने. आबा नवापूरकडे एका लग्नाची सुपारी ठरवायला गेले होते, तीन दिवस येणार नव्हते. मायने ट्रंकेच्या कोयंड्यात वरवंट्याने दणके घातले, कोयंडा उचकटला, थाळ्या काढून स्टँडवर लावल्या आणि मला म्हणाली, "बठ." मी म्हटलं, आबा जीव घेतील. "मन्ही म्हैस शे ती. मी सांगस ना, वाजाड!" मी पहिली काठी मारली आणि निंबाखाली बसलेले मास्तर ओरडलेच, कारण मी तव्याच्या हाताने मारली होती. थाळी किंचाळली. मग मास्तरांनी मागून माझे दोन्ही हात आपल्या थरथरत्या हातांत घेतले आणि माझ्याकडून वाजवून घेतलं. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा, एकदाच, माझा हात बरोबर पडला. चुलीपाशी माय दादर ज्वारीची भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. तिने वर पाहिलं नाही, पण थांबली. असेच दोन महिने मिळते तर माझा हात वळला असता, आणि पुढचं काही घडलं नसतं. हे मी रागाने नाही म्हणत, आता हिशोबाने म्हणतो.

मिळाले नाहीत. आबा एक दिवस आधीच परतले. अंगणात पाऊल टाकलं आणि समोर मी, थाळ्या, मास्तर. "कोनी काढी?" हातातली पिशवी त्यांनी खाली टाकली. "कोनी काढी ती?" "मी काढी," माय चुलीपासून म्हणाली. त्या दिवशीचा मार मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की मायचं डावं मनगट त्यानंतर कधी सरळ झालं नाही, आणि माझ्या उजव्या हाताची बोटं उंबऱ्यावर ठेवून आबांनी त्यावर माझ्याच काठीने पाच घातले, मोजून पाच. नखं काळी पडून गळाली. मास्तर मध्ये पडले तर त्यांनाही ढकललं. मग आबांनी थाळ्या पुसल्या, फडक्याने, हळुवार, काठाकाठाने, आणि नवा कोयंडा ठोकला. मी उंबऱ्यावर बसून ते पुसणं पाहत होतो. मायला कधी त्यांनी तसा हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला बापाचा जो द्वेष वाटला, तेवढा पुढे कोणाचाही वाटला नाही.

बोटं सुकायच्या आत कळसाडीचं लग्न आलं. ऊस-केळीवाल्या बड्या घरचं, पंचक्रोशीतले पाहुणे, आणि आबांनी शब्द दिलेला की असा ड्रम तुमच्या गावाने ऐकला नसेल. ड्रमवाला म्हणून माझं पहिलंच लग्न. प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी ओलांडताना टेम्पोत आबा थाळ्या मांडीवर घेऊन बसले होते. कळसाडीला उतरून लोटगाडीवर सेट बांधला. थाळी स्टँडवर जरा सैल ठेवायची असते, म्हणजे काठी लागली की ती झुलते आणि मार झेलते. पण आमच्या बॅण्डवाल्यांची एक खोड. लोटगाडी खाचखळग्यांतून ढकलत न्यायची, थाळी निसटून कोणाच्या पायाखाली येईल या भीतीने सगळे तिचा नट आवळून टाकतात. पितळेच्या थाळीला ते चालून जातं. आबांनी खिशातून पाना काढला आणि आवळायला लागले.

"भाऊ, तिले डुलू दे," मास्तर म्हणाले.

"रस्ता दख कसा शे. उडी जाई ती." आणि पान्याला लटकून आणखी एक पीळ दिला. थाळी खिळ्याने ठोकल्यागत घट्ट झाली. माझ्या तव्यासारखीच.

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पुढे आबा, लाल कोटात, क्लॅरोनेट आभाळाकडे. काय वाजवत होते त्या दिवशी! द्वेष होताच, पण त्या सुराने माझ्याही अंगावर काटा आला. मागे गाडीवर मी. नवरदेवाचे दोस्त गाडीला खेटून नाचत होते, गुलाल उधळत होते, "अरे जोर लाव, जोर लाव!" म्हणून फळीवर बुक्क्या मारत होते. माझी सोललेली बोटं काठीला चिकटली होती. मास्तर खालून हाताने खुणावत होते, हळू, हळू. मला हळू येत नव्हतं. मला दोनच दिवस हळू शिकवलं होतं आणि सहा महिने फाटा शिकवला होता. गाणं वर चढलं, आबांनी मान मागे वळवून मला इशारा केला, आता दे. मी खांद्यातून दिली. पहिल्यांदा थाळी गर्जली, दुसऱ्यांदा गर्जली, तिसऱ्यांदा नुसतं ठस्स झालं. काठापासून मधल्या छिद्रापर्यंत चीर गेली होती.

क्लॅरोनेट थांबलं. नाचणारे अजून नाचतच होते. आबा गर्दी फाडत आले, डाव्या हाताने गाडीचा लोखंडी काठ धरून वर चढले आणि उजव्या हाताने खिशातला पाना काढून माझ्या खांद्यावर घातला. मग मानेवर. मग कानावर. हा उजवा कान तेव्हापासून बहिराच आहे. तोंडाने एकच चालू होतं, "मन्ही थाळी! मन्ही थाळी!" मी ओरडलो, "नट तुम्ही आवळेल व्हता! तुम्ही आवळेल व्हता नट!" आणखी एक पाना आला. आणि मग माझ्या हातातली काठी वर गेली. खोटं सांगणार नाही, ती काही आपोआप गेली नाही. मी त्यांचा हात पाहिला, गाडीच्या काठावर पसरलेली ती चार लांब बोटं पाहिली, क्लॅरोनेटच्या छिद्रांवर नाचणारी, आणि नेम धरून, खांद्यातून, फाट्यापर्यंत ऐकू जावा असा फटका घातला. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी कोण ते त्यांना आठवेना.

लोकांना आधी वाटलं गंमत चाललीय. मग रक्त दिसलं. "बापवर हात उचलस का रे?" म्हणत चार-पाच जणांनी मला गाडीवरून ओढलं आणि मातीत घालून तुडवायला सुरुवात केली. लाथा कुठून येत होत्या ते कळत नव्हतं, तोंडात गुलाल आणि रक्त एक झालं होतं. तेवढ्यात काहीतरी जड माझ्या अंगावर पडलं. आबा होते. मोडका हात पोटाशी, दुसऱ्या हातात पाना, तो ते चौफेर फिरवत होते आणि फाटक्या आवाजात ओरडत होते, "मन्हा पोऱ्या शे! मी मारसू त्याले, मी! तुम्ही कोन? तुम्ही कोन रे?" एकाच्या गुडघ्यावर पाना बसला, बाकीचे मागे सरले. किती वेळ ते तसेच माझ्यावर पडून होते, कोण जाणे. त्यांच्या कोटाला घामाचा, अत्तराचा वास येत होता. मी एवढ्या जवळून बापाला कधी हुंगलं नव्हतं.

लग्न आमच्या बॅण्डशिवाय लागलं. शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटांना सळ्या बांधल्या. कोणा भल्या माणसाने मागाहून कागदात बट्ट्या आणि वांग्याची भाजी पाठवली होती, ती टेम्पोत कोणी खाल्ली नाही. घरी मायने विचारलं, हाताला काय झालं? "टेम्पोना फाळकामा सापडना," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मायने मास्तरांकडून खरं काढून घेतलं. मग ती माझ्याकडे आली आणि चुलीच्या फुंकणीने मला मारायला लागली, त्या वाकड्या मनगटाने, रडत रडत. जिच्यासाठी मी मारलं असं मला वाटत होतं, तीच. "त्यासनं वाजाडनं गयं रे," एवढंच म्हणत होती, "त्यासनं वाजाडनं गयं." तोवर मला ते सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं मी नुसती बोटं मोडली.

सळ्या निघाल्या. बोटं वाकडी राहिली, छिद्रावर बसेनात. रोज दुपारी आबा मागच्या खोलीत क्लॅरोनेट घेऊन बसायचे आणि आम्ही बाहेर ऐकायचो. सूर निघायचा, दोन पावलं चालायचा आणि वाकड्या बोटाखालून फुस्स करून निसटायचा. पुन्हा पहिल्यापासून. आबा कोणाला मारत नव्हते, मायला नाही, वाजंत्र्यांना नाही. तुम्ही म्हणाल, सुटलात. शपथेवर सांगतो, त्या दिवसांइतका मला कशाचा त्रास झाला नाही. ताट चुकून पडलं तरी मी डोळे मिटून वाट बघायचो, आणि काहीच यायचं नाही. असा महिना गेला. एका दुपारी आतला आवाज बंद झाला, क्लॅरोनेटच्या पेटीच्या कड्या लागल्याचं ऐकू आलं, आणि मग ट्रंक उघडल्याचं.

आबा अंगणात आले. दोन थाळ्यांपैकी शाबूत राहिलेली थाळी त्यांच्या काखेत होती. त्यांनी निंबाचा तवा सोडवून बाजूला फेकला, स्टँड आणून ठेवला, एका हाताने धडपडत थाळी बसवली. नट दोनच पीळ फिरवला. मास्तर मदतीला उठले, त्यांना मानेने नको म्हटलं. मग माझ्यासमोर अगदी जवळ बसले आणि म्हणाले, "वाजाड."

मी म्हटलं, "फुटी."

"रोज वाजाड. फुटनी तर फुटनी."

माय दारात येऊन उभी राहिली. मी काठी हातात घेतली. घट्टे भरले होते, नखं नवी आली होती, हात तोच होता. मी काठी वर उचलली, आणि आबा दचकले. डोळे गच्च मिटून, खांदे आवळून, त्यांनी तो वाकडा हात झटकन पाठीमागे लपवला. साऱ्या गावाला दरारा असलेला माझा बाप, माझ्या हातातल्या काठीला घाबरला होता. त्यांच्या ते लक्षात आलं, मायच्या आलं, मास्तरांच्या आलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

माझा हात वरच राहिला होता. खाली आणायची हिंमत होईना. मग मी तो इतका हळू खाली आणला, की काठी थाळीला लागली ते मला आधी समजलंच नाही. थाळी बोलली. अंगणभर पसरली, निंबात गेली, बराच वेळ राहिली. मी पुन्हा तसाच हात लावला. तासभर वाजवत होतो त्या दिवशी. मास्तरांनी मान हलवली नाही, नुसते रडत होते. आबांनी डोळे उघडले, ऐकत राहिले, एकदा "हां" असंही म्हणाले. पण मी काठी खाली ठेवून उठलो तरी त्यांनी तो हात पाठीमागून पुढे आणला नव्हता.